संध्याकाळची बोळवण

आमच्या येडगावच्या घराच्या पुढच्या दाराला आतून लोखंडी कडी आहे. ती उचलली की आधी एक कोरडी कुरकुर ऐकू येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती लाकडावर पडल्याचा बोथट ठक्. लहानपणी त्या आवाजाचा एकच अर्थ होता: वडील शेतावरून आले आणि आईने दार उघडलं. गेल्या काही वर्षांत तो अर्थ बदलला. धरणाच्या पाण्यावरचं ऊन सरकत पलीकडच्या उसाच्या शेंड्यांवर जायचं, गोठ्यात चरवीच्या तळाशी धारेचा पहिला आवाज उमटायचा, आणि त्याच सुमारास कडी वाजायची. घरात जे कोणी असेल ते हातातलं टाकून उठायचं. आई निघालेली असायची.

ती निघायची माहेरी. तिचं माहेर तळेघरकडच्या डोंगरात, मुख्य रस्ता सोडून बराच वेळ चालल्यावर लागणाऱ्या एका वाडीवर. तिथे आता तिचं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही. मामा-मामी गेले, भाताची खाचरं भावकीतले लोक कसतात. पण आईच्या मनात त्या घरातली चूल पेटलेली होती आणि नाचणीची भाकरी तव्यावर फुगत होती, आणि आपण वेळेवर पोचलो नाही तर ती माणसं जेवायची थांबतील याची तिला काळजी होती.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. हे सांगताना आता कुणाचा आवाजही बदलत नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर कालवा आहे, पाणी सुटलं की तो काठोकाठ वाहतो. वाट विसरलेल्या म्हाताऱ्या बाईने दिवस बुडताना एकटं बाहेर पडणं याचा अर्थ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. दार उघडं ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला होता. बाकीचे सगळे त्याच्या पोटात होते.

मी जुन्नरला राहते, तिथल्या महाविद्यालयात मराठी शिकवते. शनिवारी दुपारी येडगावला जायचं आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परतायचं, असा माझा क्रम. रोजचं सारं धाकट्या भावाने आणि वहिनीने पेललं. हे आधीच सांगायला हवं, कारण अशा आजारपणाविषयी लिहिणाऱ्या बहुधा माझ्यासारख्या, आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या असतात. रोज अंथरूण बदलणारीला लिहायला सवड नसते.

विसरण्याने या आजाराची सुरुवात होते असं म्हणतात. माझ्यापुरती ती एका सर्वनामाने झाली. एका शनिवारी पिशवी ठेवून मी आईजवळ बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि अदबीने विचारलं, ‘तुमी कुणाच्या वो, बाई?’

तुमी. जन्मभर तिने मला ‘तू’ म्हटलं होतं. त्या एवढ्याशा शब्दात न्हाणीतलं कढत पाणी होतं, वेणी घालतानाचा हिसका होता, पाठीत बसलेला धपाटा होता, आजारपणात कपाळावर ठेवलेला खरखरीत तळवा होता. आता तिने मला मान दिला, आणि त्या मानाने मी परकी झाले. त्यानंतर मी कायमची ‘बाई’ झाले. एकदा माझ्या हातची तांदळाची पेज पिऊन झाल्यावर ती समाधानाने म्हणाली, तुमच्या आईनं तुमाला चांगलं वळण लावलंय. मी वाटी घेऊन मोरीत गेले आणि ती बराच वेळ घासत राहिले.

नारायणगावच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. हा मेंदूचा आजार आहे, म्हातारपणाचा हट्ट नव्हे. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, पण गेलेलं परत येईल असं वचन देता येणार नाही. तिच्याशी वाद घालू नका आणि तिची परीक्षा घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. पण परीक्षा घ्यायला सगळेच यायचे. पाहुणे दारातूनच विचारायचे, वळखलं का मला? आई एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावरून नजर फिरवायची, आणि मग शांतपणे म्हणायची, न वळखायला काय झालं, बसा की, च्या घेऊनच जावा. पाहुणे खूश होऊन आमच्याकडे पाहायचे. तिला काहीही आठवलेलं नसायचं. नावं आणि नाती गेली होती, पण दारी आलेल्या माणसाशी कसं वागायचं ते तिच्या हाडात तसंच होतं. हे मला तेव्हाच नीट दिसायला हवं होतं, पण दिसलं नाही.

संध्याकाळी मात्र तिची भूमिका उलटायची. मग ती स्वतःच पाहुणी असायची, दिवसभर दुसऱ्याच्या घरी बसून अवघडलेली. उन्हं उतरली की तिच्या हातांना चाळा लागायचा. लुगड्याच्या निऱ्या ती पुनःपुन्हा चाचपायची, मग उठायची. ‘येते मी आता. लई वेळ झाला. मला लांब जायाचंय.’

भाऊ सांगायचा, आई, हेच तुझं घर. वहिनी तिला भिंतीवरचे फोटो दाखवायची. या सांगण्याने ती निवळेल असं आम्हाला वाटायचं, पण तिच्या चेहऱ्यावर भीती उमटायची. परक्या घरची माणसं आपल्याला जाऊ द्यायला तयार नाहीत आणि हेच तुझं घर म्हणताहेत, हे ऐकून कुठल्याही बाईचा चेहरा जसा होईल तसा तिचा व्हायचा. मग आम्ही थापा मारायला शिकलो. आज गाडी नाही, उद्या जाऊ. मामा न्यायला येणार आहे, त्याची वाट बघू. ती ऐकून घ्यायची, खाली बसायची, आणि कपातला चहा निवायच्या आत पुन्हा उठायची. एकदा जाता जाता तिने वहिनीला ऐकवलं, ‘ह्या घरात च्या बरा करत्यात, पन रीत न्हाई.’

वहिनी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, बघा ताई, ह्यांच्याच हाताखाली सगळी रीत शिकले, आणि आता मलाच नापास करत्यात. हसता हसता तिने डोळे पुसले. मला वाटलं, चुलीच्या धुराने.

दिवाळी सरली होती आणि कांद्याची लागवड सुरू होती. अशाच एका संध्याकाळी भाऊ मजुरांना पोचवायला गेला होता, वहिनी गोठ्यात होती. कडी वाजली ती कुणी ऐकली नाही. आई कालव्याच्या कडेने चालत निघाली. ट्रॅक्टर घेऊन परतणाऱ्या शेजाऱ्याला ती दिसली तेव्हा तिच्या चपला हातात होत्या आणि पदराला कुसळं लागली होती. तिने त्यालाच विचारलं, पावणं, तळेघरची वाट हीच ना? त्याने शहाणपणा केला. हीच, पण मी सोडतो, असं म्हणून तिला ट्रॅक्टरवर बसवून घरी आणलं. उतरताना आईने त्याचे आभार मानले आणि घराकडे पाहून विचारलं, हे कुणाचं वो?

त्याच आठवड्यात पलीकडच्या मळ्यातून बिबट्याने वासरू नेलं. भावाने पडवीच्या लोखंडी जाळीला कुलूप आणलं.

मी विरोध केला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘ताई, तू सोमवारी जातीस,’ तो म्हणाला. ‘मंगळवारी ती पाटात गेली तर मी काय करू?’

सोमवारी सकाळच्या गाडीने मी जुन्नरला परतले.

कुलपाचे दिवस मी थोडेच पाहिले, पण पुरेसे पाहिले. कडी वाजायची, आई पडवीत यायची आणि जाळीपाशी अडायची. दोन्ही हातांनी गज धरून ती रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, भाऊ, मला सोडवा वो, ह्या लोकांनी ठिवून घेतलंय मला. ओळखीची माणसं मान खाली घालून पुढे जायची. एकदा माझा भाऊ डेअरीत दूध घालून रिकामं कॅन घेऊन परत येत होता. तिने त्यालाही तशीच हाक मारली. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, तिला हाताला धरून आत नेलं आणि पुन्हा कुलूप लावलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं वहिनीने मला सांगितलं. पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन दिवस तू सांभाळ, मला बघवत नाय, एवढंच बोलून तो मोटर चालू करायला विहिरीकडे गेला.

रविवारी दुपार कलल्यावर मी कुलूप काढलं आणि पडवीच्या पायरीवर बसले. नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यांचा ओला वास येत होता. त्यात कांद्याच्या पातीचा तिखटपणा मिसळला होता आणि गोठ्याकडून शेणाच्या धुराची रेघ येत होती. मागे कडी कुरकुरली आणि थांबली, मग लाकडावर पडली. मी वळून पाहिलं.

आई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, त्याचं टोक ओंजळीसारखं पुढे धरलं, हनुवटी किंचित वर केली आणि डोळे अर्धवट मिटले. ती थांबली होती. कुणी काही करील म्हणून थांबली होती. मग काहीच घडलं नाही तेव्हा तिचा चेहरा उतरला, पदर हातातून सुटला, आणि अपमान झालेल्या माणसासारखी ती झपाट्याने पायरी उतरू लागली.

हे थांबणं मी पूर्वी कितीदा तरी पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. ती घोटाळते, तिला दिशा कळत नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावला होता. मी उठून तिचा हात धरला आणि त्या स्पर्शाबरोबर मला मे महिन्याच्या सुट्टीतली एक सकाळ आठवली. आम्ही तळेघरच्या वाडीवरून परत निघालो आहोत आणि आई माहेरच्या उंबऱ्यात अशीच उभी आहे, पदर पुढे धरून, हनुवटी वर करून. मामी करंडा घेऊन येते. तिच्या कपाळाला कुंकू लावते, आई मामीला लावते. मामी तिच्या पदरात मूठभर तांदूळ घालते, ते आंबेमोहोराचे, सुगंधाने अख्ख्या एसटीत ओळखू येणारे. मग मामी खाचराच्या शेवटच्या बांधापर्यंत आमच्याबरोबर चालते. तिथे आई म्हणते, येते. मामी म्हणते, ये.

जाते असं म्हणायचं नाही, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. निघणारीने येते म्हणायचं, राहणारीने ये म्हणायचं. ‘ये’ म्हणण्याचा हक्क जिचं घर असेल तिचाच.

याला बोळवण म्हणतात. वर्गात मी हा शब्द कितीदा तरी समजावून दिला आहे, कारण त्याला दोन अर्थ आहेत. निघालेल्या माणसाला कुंकू लावून, वाटेपर्यंत जाऊन, मानाने निरोप द्यायचा तीही बोळवण. आणि काही मागत आलेल्याच्या हातावर काहीबाही टेकवून, गोड बोलून त्याला कटवायचं तीही बोळवणच. आई रोज संध्याकाळी पहिली मागत होती. आम्ही रोज तिची दुसरी करत होतो.

मी वहिनीला हाक मारून करंडा आणायला सांगितलं. ती दारात आली, पण हलली नाही. वडील गेल्यापासून आईने कुंकू लावलेलं नव्हतं. गावात कुणाकडे हळदीकुंकू असलं तर ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची, कुणी अडवण्याची वाट पाहायची नाही. वहिनीच्या मनात मात्र लोकांची भीती नव्हती. ‘ताई, कुंकू बघून आत्यांनी बाबांचं इचारलं,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘तर काय सांगायचं?’

आम्ही दोघी आईकडे पाहत राहिलो. आईने पुन्हा पदर पुढे धरला होता. वहिनीने पदराला हात पुसले, देव्हाऱ्यापाशी गेली, आणि मला न देता स्वतःच करंडा घेऊन आली. तिने सासूच्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात चिमूटभर तांदूळ घातले. आईने बोट बुडवून सुनेच्या कपाळाला लावलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या खांद्यांतला ताण उतरलेला मी पाहिला.

‘येते हं, बाई,’ ती वहिनीला म्हणाली. ‘लई केलंत माझं.’

वहिनीने नुसतीच मान हलवली.

मी आईबरोबर निघाले. भाऊ विहिरीवरून आला होता, त्याने काही विचारलं नाही. काठी आणि बॅटरी घेऊन तो उसाच्या बाजूने, थोडं अंतर ठेवून चालू लागला. फाटकातून बाहेर पडून आम्ही कालव्याकडे न जाता बांधाने वळलो. विहीर गेली, कांद्याची रिकामी चाळ गेली. आई रमतगमत चालत होती, वाटेतल्या करंजाच्या पानाला हात लावत होती, आणि इकडं पाऊस बरा झालेला दिसतो असं मला सांगत होती. गोठ्याला वळसा घालून आम्ही घराच्या मागच्या दाराशी आलो. तोवर वहिनी आतून धावत तिथे पोचली होती. तिने दार उघडलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘या आत्या, किती उशीर केला?’

‘लांबची वाट हाय, बाई,’ आई म्हणाली. तिने पाय धुतले, आत आली आणि भिंतीला टेकून बसली. भाकरी खाल्ली. त्या संध्याकाळी ती पुन्हा उठली नाही. भावाने जाळीचं कुलूप काढून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

हे औषध नव्हतं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी तशा आशेने हे वाचू नये. काही दिवस करंडा पाहून ती चिडायची. काही दिवस मागच्या दाराशी येऊनही आत यायला नकार द्यायची आणि मग आणखी एक फेरी घालावी लागायची. एकदा आरशात स्वतःचं कपाळ पाहून तिने खरोखरच वडिलांचं विचारलं. वहिनीने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, शेतावर गेल्यात. ते खोटंही नव्हतं. वडिलांची राख आम्ही शेतातल्याच आंब्याच्या आळ्यात मिसळली होती. आईने मान डोलावली आणि भाकरी झाकून ठेवायला सांगितलं.

पण भीती गेली. तिची गेली, आणि तिच्याबरोबर आमचीही बरीचशी. शेजारच्या बायका आधी कुजबुजल्या, मग त्यांच्यातलीच एखादी बांधावर भेटली की विचारू लागली, निघाला का माहेरी? आई मानाने म्हणायची, व्हय, निघाले. वहिनी एकदा करंडा ठेवता ठेवता म्हणाली, आत्यांना रोज माहेर, मला वर्षातनं एकदा घडंना. ती हसत म्हणाली, तरी मला ते लागलं. त्या उन्हाळ्यात मी रजा घेतली आणि येडगावला येऊन राहिले. वहिनीला तिच्या माहेरी पाठवलं. परतली तेव्हा तिचा चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता. तेव्हापासून तो आमच्या घराचा नेम झाला आहे. सांभाळणारीलाही कुणीतरी कुंकू लावून वाटेला लावायला हवं असतं.

हळूहळू वाट आखूड झाली. आधी विहिरीचा वळसा सुटला, मग आईला चाळीपर्यंतही जाववेना. पुढे पडवीत एक फेरी मारून ती आत यायची आणि तेवढ्यानेच दमून म्हणायची, पोचलो बाई. आता ती खाटेवरच असते. करंडा तिच्या उशाशी कोनाड्यात असतो. संध्याकाळी वहिनी तिच्या कपाळाला कुंकू लावते, पदरात तांदूळ घालते, आणि ती डोळे मिटून कुठे जायचं तिथे जाऊन येते.

या सगळ्या काळात मी ‘बाई’च होते. सोमवारी सकाळी निघताना मी तिला सांगायची, आई, येते. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं. एक पाहुणी दुसरीला देते तसं ती ते द्यायची: व्हा पुढं, मीबी निघतेच आता. मला त्याचं हसू यायचं, आणि फाट्यापर्यंत चालताना ते हसू पुरायचं नाही.

परवाच्या सोमवारची गोष्ट. थंडी होती. वहिनी खाटेशेजारी सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि खड्यांचा टिचटिच आवाज येत होता. मी पिशवी खांद्याला लावली, वाकून आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, येते.

तिने कोनाड्याकडे पाहिलं. मी करंडा काढून तिच्यापुढे धरला. तिने बोट बुडवलं. अर्धं कुंकू गोधडीवर सांडलं, उरलेलं माझ्या भुवईच्या वर कुठेतरी टेकलं. मग तिने सुपाकडे हात केला. वहिनीने निवडणं थांबवून सूप जवळ आणलं. आईने चिमूटभर तांदूळ उचलले, माझा पदर ओढला आणि त्यात सोडले.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी हलले नाही. आई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, वाकडंतिकडं लागलेलं कुंकू नीट करावं का असा विचार करत असल्यासारखी. मी पुन्हा एकदा, जवळजवळ ओठांतच म्हणाले, येते.

‘ये.’